प्राथमिक वर्गात जुन्या ऑस्ट्रेलियन बालकादंबऱ्या कशा वाचाव्यात?

रानजाई (सिडनी)

नमस्कार मंडळी. मी सिडनीच्या पश्चिम भागातल्या एका सरकारी शाळेत चौथीला शिकवते. पुढच्या टर्मला जुन्या ऑस्ट्रेलियन बालकादंबऱ्या घ्यायचं आमच्या शिक्षकांच्या गटात ठरलंय. इथे शिक्षक, ग्रंथपाल, पालक सगळेच आहेत, त्यांच्याशी सविस्तर बोलावं म्हणून हा धागा.

वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत. पंजाबी, अरबी, तमिळ, व्हिएतनामी, मराठी असं सगळं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी त्यांच्या हातात एकट्याने वाचायला दिलं तर दुसऱ्या पानावर पुस्तक मिटतं. तीच पानं मी मोठ्याने वाचली की मात्र मुलं कान टवकारून ऐकतात. त्यामुळे ही पुस्तकं ऐकवायची, तीही निवडक प्रकरणं, इथवर माझं पक्कं आहे.

खरी अडचण पुढे आहे. एथेल पेडलीचं 'डॉट अँड द कांगारू' घ्या. १८९९ सालचं, लेखिकेच्या मृत्यूनंतर छापलेलं. छोटी डॉट रानात वाट चुकते. स्वतःचं पिल्लू हरवलेली एक कांगारू तिला भेटते आणि खायला फळं देते. ती खाल्ल्यावर डॉटला प्राण्यांचं बोलणं कळायला लागतं. मग पोटाच्या पिशवीत बसवून कांगारू तिला रानभर फिरवते. एके ठिकाणी प्राण्यांचं कोर्ट भरतं, खटला चालतो आणि माणसांनी केलेल्या कत्तलीचा जाब त्या एवढ्याशा पोरीला विचारला जातो. अर्पणपत्रिकेत पेडलीने स्वच्छ लिहिलंय की या देशातले देखणे, मायाळू प्राणी निर्दयपणे संपवले जाताहेत आणि मुलांना त्यांची कणव यावी हा तिचा हेतू आहे. त्या काळात हे लिहिणारी बाई मला फार मोठी वाटते.

आणि त्याच पुस्तकात मूळनिवासी लोकांचं रात्रीचं नृत्य येतं, तिथे ती माणसं निव्वळ घाबरवणाऱ्या आकृत्या आहेत. कांगारूला मन आहे, दुःख आहे, आईपण आहे. त्या माणसांना यातलं काहीच दिलेलं नाही. आमच्या शाळेत प्रत्येक सभेची सुरुवात या भूमीच्या मूळ लोकांना, म्हणजे दारुग लोकांना, वंदन करून होते. तिथून वर्गात परतायचं आणि हे वाचायचं?

माझं मत असं: ही पुस्तकं टाकून देऊ नयेत. गुपचूप कात्री लावून गोडगोडही करू नयेत. पण एकटं पुस्तक वर्गात आणू नये. त्याच्या शेजारी त्या भूमीच्या माणसाने स्वतः लिहिलेलं काहीतरी असलंच पाहिजे. तुम्ही अशा जोड्या लावल्या असतील तर कृपया सांगा. नुसत्या नावांपेक्षा वर्गात काय केलंत ते वाचायला जास्त आवडेल.

पिंपळपान (पुणे)

विषय आवडला. वाचतेय.

खारा वारा (ॲडलेड)

रानजाई, तुमच्या 'एकटं आणू नये' याला शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडची सर्वात चांगली जमलेली जोडी सांगतो.

कॉलिन थीलचं 'स्टॉर्म बॉय' पाचवीला घेतो. थील स्वतः शिक्षक होते आणि ते त्यांच्या गोष्टी सांगण्यात दिसतं. कथा लहान आहे, वाक्यं मोकळी आहेत, मुलांना झेपतात. जागा कूरोंगची. मरे नदीच्या मुखापासून किनाऱ्याला समांतर गेलेला खाऱ्या पाण्याचा शंभराहून जास्त किलोमीटरचा चिंचोळा पट्टा, मध्ये वाळूच्या टेकड्या, पलीकडे दक्षिण महासागर. तिथे झोपडीत राहणारे बापलेक. शिकाऱ्यांनी आईबाप मारल्यामुळे पोरकी झालेली पेलिकनची तीन पिल्लं मुलगा वाढवतो. त्यातला मिस्टर पर्सिव्हल त्याला सोडून जात नाही. वादळात अडकलेल्या बोटीपर्यंत तो दोर पोचवतो आणि खलाशी वाचतात. पुढे शिकारी त्यालाच गोळी घालतात.

हे प्रकरण वाचताना मी घाई करत नाही आणि लगेच प्रश्नही विचारत नाही. वर्कशीट तर त्या दिवशी अजिबात नाही. गेल्या वर्षी एका मुलीने बऱ्याच वेळाने विचारलं, "त्या माणसांना पोलिसांनी पकडलं का?" पुस्तकात तसं काही नाही. त्यावर वर्गात जी चर्चा पेटली ती अभयारण्य म्हणजे काय, नियम कोण करतं, पाळले जातात की नाही हे कोण बघतं इथपर्यंत गेली. निबंधाचा विषय आयता मिळाला.

आता जोडी. त्या मुलाला रान, पक्षी, हवामान शिकवणारा फिंगरबोन बिल हा मूळनिवासी माणूस आहे. तो चांगला आहे, शहाणा आहे, तुमच्या डॉटमधल्या आकृत्यांसारखा मुळीच नाही. तरी तो गोऱ्या मुलाच्या गोष्टीला मदत करण्यापुरता येतो. त्याचं घर, त्याची माणसं आपल्याला दिसत नाहीत. म्हणून मी वर्गात पन्नास डॉलरची नोट काढतो. त्यावर डेव्हिड युनायपन आहेत. ते नगारिंजेरी, म्हणजे कूरोंग ज्यांची भूमी त्याच लोकांपैकी. १८७२ साली जन्मले, लेखक होते, संशोधक होते. नोटेवर दिसणारं छोटं चर्च त्यांच्या रौकन वस्तीतलं आहे, आणि ते ठिकाण कूरोंगच्या शेजारच्या तळ्याच्या काठावर आहे. मुलांनी नोट शंभरदा पाहिलेली असते, पण त्या चेहऱ्याचा पत्ता कोणाला नसतो.

युनायपन यांनी १९२० च्या दशकात आपल्या लोकांच्या कथा गोळा करून लिहिल्या. त्या १९३० साली लंडनहून प्रसिद्ध झाल्या, पण दुसऱ्याच माणसाच्या नावाने. रॅमसे स्मिथ नावाच्या डॉक्टरच्या. युनायपन यांचं नाव लेखक म्हणून त्या लिखाणावर यायला २००१ साल उजाडलं. हे सांगितलं की पाचवीतली मुलं खवळतात. "माझा प्रोजेक्ट कोणी स्वतःच्या नावाने दिला तर?" हा त्यांच्या जगातला सर्वात मोठा अन्याय आहे, त्यामुळे त्यांना ते आतपर्यंत कळतं. मग आम्ही युनायपन यांची एक कथा वाचतो आणि तेव्हा मुलं ती लक्ष देऊन ऐकतात, कारण ती कोणाची आहे हे त्यांना माहीत असतं.

एक व्यवहाराची गोष्ट: 'स्टॉर्म बॉय'वर १९७६ चा आणि २०१९ चा असे दोन चित्रपट आहेत. पुस्तक संपेपर्यंत दाखवू नका. एकदा पडद्यावरचा पेलिकन पाहिला की मुलांच्या मनातला मरतो.

अबोली (मेलबर्न)

मी पालक आहे, शिक्षक नाही. थोडं विरोधी बोलते, राग मानू नका.

एवढे सगळे सोपस्कार करून जुनी पुस्तकं वर्गात आणायचीच कशाला? आज या देशात मूळनिवासी लेखक उत्तम लिहिताहेत. माझ्या मुलीच्या वर्गात एक मूळनिवासी मुलगा आहे. शिक्षिकेने शंभर वेळा 'तो काळ तसा होता' असं सांगितलं, तरी ते प्रकरण वाचलं जात असताना बाकीचे सगळे वळून त्याच्याकडे बघणार. नऊ वर्षांच्या पोराने ते का सोसायचं? आपण स्वतः स्थलांतरित आहोत. आपल्या मुलांबद्दल असं काही वाचलं गेलं तर आपण दुसऱ्याच दिवशी प्रिन्सिपलच्या दारात उभे राहू.

रानजाई (सिडनी)

अबोली, राग कसला. हाच प्रश्न विचारायला हवा होता.

ते नृत्याचं प्रकरण मी चौथीत मोठ्याने वाचणार नाही. गुपचूप कात्री नको असं मी म्हटलं त्यातला 'गुपचूप' महत्त्वाचा. मी मुलांना सांगेन की इथे एक प्रकरण आहे, त्यात या भूमीच्या लोकांबद्दल खोटं आणि दुखावणारं लिहिलंय, ते आपण वाचणार नाही आहोत. सहावीत, मुलं लेखकाचा दृष्टिकोन ओळखायला शिकतात तेव्हा, त्यातला एखादा परिच्छेद समोर ठेवून बोलता येईल. तेही त्या वर्गातली मुलं कोण आहेत हे बघून आणि शाळेत मूळनिवासी समन्वयक असतील तर आधी त्यांच्याशी बोलून.

पण पुस्तकच बाजूला ठेवा याला मी तयार नाही. एक कारण त्या पुस्तकांत जे आहे तेच. खटल्याचं प्रकरण नाटक करून घेतलं तर सगळ्यात शांत बसणारी मुलंही बोलतात. घरी अरबी बोलणाऱ्या मुलाला ओपोसम म्हणजे पॉसम (झाडावर राहणारा पिशवीवाला प्राणी) साक्षीदार केलं की तो इंग्रजीत तावातावाने भांडतो. वाक्य चुकेल याची भीती त्याला उरत नाही, कारण बोलतोय तो ओपोसम. दुसरं कारण असं, की या गोष्टी या देशात सगळीकडे आहेत. खेळण्यांवर आहेत, टीव्हीवर आहेत, बुक वीक म्हणजे शाळेतल्या पुस्तक सप्ताहाच्या वेशभूषेत आहेत. इथे चार पिढ्या राहिलेल्या घरातल्या मुलाला त्या आजीकडून कळतात. आपल्या मुलांना त्या शाळेने नाही सांगितल्या तर कोणी सांगायच्या? आणि सांगायच्याच तर त्यांतलं चांगलं नि वाईट दोन्ही दाखवणारं माणूस समोर असावं.

अबोली (मेलबर्न)

'वाचणार नाही, आणि का ते सांगेन' हे पटलं. मात्र सांगण्याची वेळ त्या मुलाच्या घरच्यांना आधी कळवा. एवढी विनंती.

रानजाई (सिडनी)

नक्की. हे माझ्या यादीत नव्हतं, आता आहे.

सागरगोटा (ब्रिस्बेन)

'डॉट'ला जोडी हवी असेल तर ऊजरू नूनुकल या मूळनिवासी लेखिकेचं 'स्ट्रॅडब्रोक ड्रीमटाइम' घ्या. १९७२ सालचं, म्हणजे आता तेही अभिजातच म्हणायचं. ब्रिस्बेनजवळच्या मिंजेरिबा बेटावरचं त्यांचं बालपण पहिल्या भागात आहे आणि दुसऱ्या भागात कथा.

त्यात एक लहानसा प्रसंग आहे. वडिलांचा घरात कडक नियम: शिकार फक्त खाण्यासाठी, मारायची हौस म्हणून कधीच नाही. मुलांकडून एकदा कूकाबरा पक्षी मारला जातो. वडील त्यांची शिकारच तीन महिने बंद करतात. हे दोन-तीन पानांत संपतं. आता हे आणि 'डॉट'मधला खटला एका आठवड्यात वाचा. पेडलीचे प्राणी विचारतात की माणसं उगाच का मारतात. आणि पेडलीने ज्यांना भीतीदायक रंगवलं त्यांच्याच घरात, 'उगाच मारायचं नाही' हा नियम मोडला तर मुलांना शिक्षा होत होती. मी हे मुलांना सांगत नाही. दोन्ही वाचून झाल्यावर फळ्यावर फक्त दोन नावं लिहिते आणि थांबते. तिसरीतल्या मुलांनाही ते जुळवता येतं.

'ब्लिंकी बिल'चंही तसंच करता येईल. १९३३ चं पुस्तक, सुरुवातीलाच बाप कोआलाला गोळी लागते. खोडकर ब्लिंकीच्या बाहुल्या आणि कार्टून सगळ्यांना माहीत, पण ही सुरुवात कोणाला आठवत नाही. डोरोथी वॉल ते लिहीत होती त्याच्या काही वर्षं आधीच, १९२७ साली, क्वीन्सलंडमध्ये शिकारीला परवानगी देऊन कातड्यांसाठी लाखो कोआला मारले गेले होते. आज, २०२२ पासून, क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशात कोआला संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. अभ्यासक्रमात पर्यावरण हा सगळ्या विषयांतून न्यायचा धागा आहेच, त्यामुळे नियोजनात याला जागा शोधावी लागत नाही.

टिपणवही (सिडनी)

शाळेच्या वाचनालयात काम करते. मे गिब्सबद्दल कोणीच बोललं नाही अजून!

तिचं 'स्नगलपॉट अँड कडलपाय' १९१८ चं. हे सलग वाचून दाखवायला मला जरा अवघडच जातं, गोष्ट फार उड्या मारते. पण चित्रं! पहिली-दुसरीसाठी मी पुस्तक उघडायच्या आधी निलगिरीची डहाळी आणते, कळ्या असलेली. प्रत्येक मुलाला एक कळी. कळीवर घट्ट टोपी असते. ती नखाने अलगद काढायची. आत दाबून बसलेले केसर दिसतात. दुसरी डहाळी फुललेली असते, तिथे तेच केसर पिसारा करून उभे असतात. शेवटी वाळलेलं बोंड. हे सगळं हाताळून झालं की मग चित्र दाखवायचं: गोष्टीतल्या निलगिरीच्या बाळांच्या डोक्यावर तीच टोपी, फुलबाळांच्या अंगात तोच केसरांचा झगा. मुलं ओरडतातच. गिब्स किती बारीक बघत होती हे मग समजावून सांगावं लागत नाही.

पुस्तकातल्या दुष्ट बँक्शिया माणसांसाठी बँक्शिया या इथल्या झाडाचं वाळलेलं बोंड ठेवा टेबलावर. खडबडीत, काळपट, आणि बिया बाहेर पडायला उघडलेल्या जाडजूड फटी अगदी ओठांसारख्या. बऱ्याच जातींमध्ये या फटी वणव्याच्या उष्णतेनेच उघडतात, हेही मुलांना विलक्षण वाटतं. काही मुलं खरोखर घाबरतात. त्यांना बोंड हातात द्या, भीती जाते.

पुस्तकातली गिब्सची विनंती मी वाचनालयाच्या दारावर लावली आहे, रानातल्या जीवांशी प्रेमाने वागा आणि फुलं मुळासकट उपटू नका अशा अर्थाची. म्हणून डहाळी आणायची तर वाऱ्याने पडलेली. मृत्युपत्रात तिने पुस्तकांचे हक्क दिव्यांग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिले, हेही मुलांना जरूर सांगा.

त्याच वर्षीच्या 'मॅजिक पुडिंग'बद्दल एवढंच: कितीही खाल्लं तरी न संपणारं, वर खाणाऱ्यांनाच शिव्या देणारं पुडिंग. त्यातली पद्यं वर्गाने एकसुरात म्हणण्यासारखी आहेत. मारामाऱ्या भरपूर आणि काही शेरे आज खटकणारे, त्यामुळे आधी स्वतः पूर्ण वाचा आणि तुकडे निवडा.

गुरुजी कोकणचे (सिंधुदुर्ग)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. ऑस्ट्रेलियाशी काही संबंध नाही, पण टिपणवहीताईंचं वाचून राहवलं नाही. आमच्या शाळेमागे सामाजिक वनीकरणातली निलगिरी आहे. आजच मुलांना घेऊन गेलो. आमच्या झाडांच्या कळ्या बारीक आणि टोपी टोकदार, पण नखाने काढली तर निघते, आणि आत केसर आहेत! मुलांनी बोटांच्या टोकांवर टोप्या चढवल्या. हे झाड मुळात कुठलं, इथे कोणी आणलं, यावर तास कसा गेला कळलं नाही.

मला विचारायचंय ते असं, की यातलं काही मराठीत करून आमच्या मुलांना वाचून दाखवता येईल का? कायद्याने चालतं का? आणि कोणतं घ्यावं?

ध्रुवमत्स्य (मेलबर्न)

गुरुजी, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, ऑस्ट्रेलियात आता सत्तर. पेडली १८९८ साली वारल्या, डोरोथी वॉल १९४२ साली. त्यांचा मजकूर दोन्हीकडे मोकळा आहे. 'सेव्हन लिटल ऑस्ट्रेलियन्स' लिहिणाऱ्या एथेल टर्नर १९५८ साली गेल्या, म्हणजे भारतात २०१९ पासून मोकळं, ऑस्ट्रेलियात अजून नाही. मे गिब्स आणि 'मॅजिक पुडिंग'चे नॉर्मन लिंडसे दोघंही १९६९ साली गेले, त्यामुळे भारतात २०२९ संपेपर्यंत थांबावं लागेल. थील यांचा तर प्रश्नच नाही, त्यांना जाऊन फार वर्षं झालेली नाहीत. चित्रांचे हक्क वेगळे असतात, तेवढं बघा. तुमच्या मुलांसाठी मी तरी 'डॉट'मधला खटलाच सुचवेन.

आता माझी भर. टर्नरच्या 'सेव्हन लिटल ऑस्ट्रेलियन्स'चं (१८९४) पहिलं पान पाचवी-सहावीच्या कोणत्याही वर्गात वाचा. लेखिका सुरुवातीलाच बजावते की गुणी मुलांची गोष्ट हवी असेल तर हे पुस्तक खाली ठेवा, या सातांतलं एकही पोर शहाणं नाही. वर्ग तुमच्या खिशात. पुढे ज्युडी बोर्डिंगमधून पळून चालत घरी येते तेही वाचा. तिचा मृत्यू मात्र मी वाचत नाही. तो इतका अचानक आणि इतका खरा आहे की ज्या घरात नुकतं काही घडलंय त्या मुलाला तो झेपणार नाही. ज्याला हवं त्याने पुस्तक घरी न्यावं.

या पुस्तकाचीही एक गंमत नव्हे, खंत आहे. पहिल्या आवृत्तीत एका मूळनिवासी माणसाकडून ऐकलेली म्हणून एक कथा होती. नंतरच्या आवृत्त्यांतून ती काढली गेली आणि शताब्दीच्या आवृत्तीत, १९९४ साली, परत आली. मधल्या पिढ्यांनी जे पुस्तक वाचलं त्यात ती नव्हतीच.

जोडीला मी 'माय प्लेस' ठेवतो, नादिया व्हीटली आणि डोना रॉलिन्स यांचं. सिडनीतली एकच जागा, दर दहा वर्षांनी तिथे राहणारं एकेक मूल, १९८८ पासून मागे मागे १७८८ पर्यंत. प्रत्येक मुलाने काढलेला परिसराचा नकाशा. ग्रीक मुलं येतात, आयरिश येतात, घरं बदलतात, ओढ्याचा कालवा होतो, पण वडाच्या जातीचं एक मोठं झाड बहुतेक नकाशांत असतं. सर्वात शेवटचं मूल बरंगारू, आणि सर्वात पहिलं, १९८८ मधलं लॉराही मूळनिवासीच. तेव्हा ते लोक 'पूर्वी होते' असा समज होतच नाही. मुलांकडून आपल्या गल्लीचा नकाशा काढून घ्या. आमच्या वर्गात एका मुलाने दोन काढले, एक इथला आणि एक नाशिकच्या आजोबांच्या वाड्याचा, आणि दोन्हींवर झाड एकाच आकाराचं.

पिंपळपान (पुणे)

वाचनखूण साठवली. एक शंका: अगदी लहान मुलांसाठी, म्हणजे केजी-पहिली?

सागरगोटा (ब्रिस्बेन)

मेम फॉक्सचं 'पॉसम मॅजिक', १९८३. ज्युली विवास यांची चित्रं. अदृश्य झालेल्या पिल्लाला परत दिसतं करायला आजी पॉसम त्याला शहराशहरांतून खाऊ घालत नेते. डार्विनला व्हेजिमाइट (पावाला लावायचा खारट लेप), पर्थला पावलोव्हा (अंड्याच्या पांढऱ्याचा गोड केक), होबार्टला लॅमिंग्टन (चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेला केक). नकाशा आणि खाऊ दोन्ही होतं. खाऊ आणणार असाल तर पालकांना आधी चिठ्ठी पाठवा, अंडं न खाणारी मुलं आपल्यात पुष्कळ.

रानजाई (सिडनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. चौथीसाठी माझं ठरलं: 'डॉट'मधली चार प्रकरणं आणि शेजारी 'स्ट्रॅडब्रोक ड्रीमटाइम'मधलं कूकाबराचं पान. शेवटच्या दोन आठवड्यांत खटल्याचं नाटक. 'स्टॉर्म बॉय' आणि युनायपन आमच्या पाचवीच्या शिक्षिकेला आजच सुचवलं. ती नोट शोधतेय, हल्ली कोणाच्या पाकिटात रोख नसते.

गुरुजी, खटल्याचं प्रकरण मी तुम्हाला टाइप करून पाठवते. मराठी तुम्ही करा, तुमच्या मुलांच्या तोंडी बसेल असं. झालं की इथेच टाका, इथल्या मराठी शाळेतही रविवारी वापरता येईल.

गुरुजी कोकणचे (सिंधुदुर्ग)

पाठवा ताई. दिवाळीच्या सुट्टीत बसतो. न्यायाधीश कोण व्हायचं यावरून तिसरीत आत्ताच भांडण सुरू आहे.